फोटोंची डिस्क आणि शनिवारचा सौना

...नाही, मला एक सांगा, फोटोंचा आणि सौनाचा संबंध काय? तुम्हाला सांगतो, आमच्या ताम्पेरे शहरातल्या बिल्डिंगीत तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, शनिवारी सहाला आमची पाळी, आणि सासूबाईंचं सोमवारी खुब्याचं ऑपरेशन, मग कित्येक आठवडे त्यांना सौना बंद, म्हणून त्या, लेम्पीबाई, खास गावाहून आलेल्या, दुपारपासूनच खांद्यावर टॉवेल, हातात अंगावर मारून घ्यायची बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी घेऊन तयार... आणि खाली कॉम्प्युटर काय म्हणतो? 'फोटोंची डिस्क सापडत नाही, पुढे जाणार नाही!'

सौनात कॉम्प्युटर कशाला म्हणता? अहो, वरच्या मजल्यावरचे कालेर्वो, रिटायर्ड इंजिनियर! पूर्वी बटण दाबलं की शेगडी पेटायची, दगड तापायचे. ह्यांना बघवलं नाही, कॉम्प्युटर बसवला! आता दार तोच उघडणार, शेगडी तोच पेटवणार. दुपारी वीज गेली, आली, तो उठला आणि उठल्या उठल्या जोडलेल्या डिस्कांची हजेरी घ्यायला बसला. शेगडी चालवायची डिस्क? हजर. फोटोंची? गैरहजर! बिल्डिंगीतली माणसं सॉसेज खातायत, एवढेच फोटो हो त्यात! लांबचा मामा आला नाही म्हणून लग्न अडवून ठेवायचं?

फोन केला. कालेर्वो तळ्याकाठच्या कॉटेजवर.

"डिस्क कुठाय?"

"इथे. बहिणीला फोटो दाखवायला आणलीय."

"अहो, मशीन अडलंय!"

"बरोबरच आहे त्याचं. डिस्क नाहीये."

घ्या! वर मशीनचं कौतुक! "मग पासवर्ड तरी द्या!"

"फोनवर देत नसतो."

सासूबाई जिन्यातच टेकल्या. "राहू द्या, जावईबापू..." मग आमच्या हिने, साइलाने, फोन हिसकावला. काय बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, पण कालेर्वो तडक गाडी काढून आले... आणि डिस्क? कॉटेजवरच विसरले! पुन्हा तेच, 'सापडत नाही, पुढे जाणार नाही!'

"हात्तिच्या," म्हणाले, भराभरा वायरी ओढल्या, खोचल्या, "एवढंच लिहायचं राहिलं होतं, 'नसली तरी चालेल.' आता सगळ्याच डिस्कांना लिहून टाकतो, कटकट नको!" आणि काय सांगू, मशीन सुरू! 'सगळं ठीक आहे!' सहाला दार उघडलं! साइला म्हणते, "गार वाटतंय." कालेर्वो म्हणतात, "मशीन ठीक म्हणतंय ना?" झालं! आम्ही तिघं टॉवेल गुंडाळून फळीवर, सासूबाईंनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं... चुर्र नाही, वाफ नाही, पाणी आपलं टपटप खाली. दगड गारढोण! ओढाओढीत शेगडीचीच डिस्क निघाली होती... पण नसली तरी चालेल ना!

कालेर्वो दाराबाहेरून विचारतात, "आता काही तक्रार?"

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "नाही हो, मशीन मजेत आहे. तुम्ही फक्त सोमवारी माझ्या डॉक्टरांना भेटू नका... खुबा नसला तरी चालेल, म्हणून लिहून द्याल!"