वासरू बादलीला तोंड लावेना

हसाल तुम्ही, पण वासराला दूध प्यायलाही शिकवावं लागतं, हे मला जर्मनीत बॉनजवळच्या एका शेतावर कळलं. मी आणि माझा नवरा समीर सुट्टीत तिथे राहायला गेलो होतो. शेताच्या मालकिणीचा, रेनाटेचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तिचा नवरा चारा आणायला गेला होता, आणि नुकतंच जन्मलेलं वासरू बादलीला तोंड लावेना. गाय तर त्याला जवळच येऊ देत नव्हती.

"दुपारपर्यंत प्यायलं नाही, तर डॉक्टरला बोलावून नळीने पाजावं लागेल," रेनाटे म्हणाली. "तुमचे हात रिकामे आहेत का?"

मी बाह्या सरसावल्या. तिने सांगितलं तशी बोटं वासराच्या तोंडात घातली. ते चोखायला लागल्यावर त्याचं तोंड हळूच दुधात नेलं. त्याने अशी ढुशी मारली, की अर्धी बादली माझ्या मांडीवर.

"अगं, सोड. सुट्टीवर आलोय आपण," समीर दारातून म्हणाला.

"ते प्यायल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

पुन्हा बोटं, पुन्हा ढुशी. केसांपासून बुटांपर्यंत मी दुधाने चिकट झाले. गुडघे बधिर झाले. आणि मग बादलीतलं दूध सरसर कमी व्हायला लागलं. मी बोटं काढून घेतली, तरी ते पीतच राहिलं. मला रडूच आलं.

"गेनाऊ! अगदी अस्संच!" रेनाटे म्हणाली. "आल्झो, चला, आता त्याची जुळी बहीण."

मी समीरकडे बघितलं. तो जॅकेट काढून खुंटीला अडकवत होता.

"सरक," तो म्हणाला. "ही माझी."