मेथी चांगली म्हणजे काय?

माझे तत्त्वज्ञानाचे दहा मार्क मंडईत कसे गेले, ते सांगते. पहिल्याच सेमिस्टरला सरांनी काम दिलं होतं: अनोळखी माणसाला नुसते प्रश्न विचारत राहायचं, ‘माहीत नाही’ हे उत्तर येईपर्यंत. नाही केलं तर इंटर्नलला नापास. मला रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायलाही धीर होत नाही. तरी शेवटच्या दिवशी एका भाजीवाल्या मावशींसमोर उभी राहिले.

“मावशी, मेथी चांगली आहे का?”

“आहे की.”

“चांगली म्हणजे काय?”

“आज पहाटेची आहे.”

“पहाटेची म्हणजे चांगलीच, हे कशावरून?”

मावशींनी जुडी फटकन आपटली. मी दचकले.

“घरी मेथी निवडतं कोण? तू का आई?”

“आई.”

“मग तुला मेथीतलं काय कळतं गं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं आणि घाबरून दोन जुड्या घेतल्या.

झालं तसंच लिहून दिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं.

“उत्तम. दहापैकी दहा.”

मी हुश्श केलं.

“मावशींना कळवा,” सर म्हणाले. “आणि तुम्ही उद्या पुन्हा जा.”