माइकशिवाय कसं वाचायचं?

अरे, मी हल्ली कुठेही गेलो की आधीच सांगून टाकतो, माइक नसला तरी चालेल. तुम्हाला तो साधेपणा वाटतो, पण त्यामागचं कारण आठवलं की माझे कान अजून गरम होतात.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. महाप्याची नोकरी सांभाळून मी एक विज्ञानकादंबरी लिहिली होती. तिच्यातली माणसं यंत्रांच्या इतकी आहारी जातात, की शेवटी यंत्राशिवाय त्यांना दोन शब्दही बोलता येत नाहीत. आमच्या नेरूळच्या सोसायटीने कौतुकाने मला त्यातलं एक प्रकरण वाचायला बोलावलं. सोसायटीचं ऑफिस ते केवढंसं! पंचवीस माणसांत गच्च भरलं. मी उभा राहिलो आणि माइक बंद पडला.

सेक्रेटरी सावंत म्हणाले, "तसंच वाचा हो, एवढीशी तर खोली आहे."

"छे छे, माइकशिवाय कसं वाचायचं? मागे ऐकू जायला नको?"

खरं म्हणजे माइकशिवाय मला लेखक झाल्यासारखंच वाटेना.

माइकवाल्याला बोलवायला माणूस धाडला. अर्धा तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी मी वैतागून सावंतांच्या कानात पुटपुटलो, "जाऊ दे हो. यांना कुठे कादंबरी कळणार आहे? सगळे फुकटच्या वड्यांसाठी बसलेत."

शेवटच्या रांगेतून साठेकाकू बोलल्या, अगदी शांतपणे.

"वडे अजून आले नाहीत हो. पण ऐकू सगळं येतंय. करा सुरू."