पुतळ्याची शिंक

(संकलनाची खोली. पडदे ओढलेले. पडद्यावर एक चित्र थांबवून ठेवलेलं.)

संकलक : ठेवलाय म्हणजे ठेवलाय. पुन्हा पुन्हा विचारून बदलणार आहे का?

लेखक : मंत्र्याचा पुतळा शिंकतो आणि सगळं गाव रुमाल घेऊन रांगेत उभं राहतं, तो प्रसंग? अख्खा?

संकलक : अख्खा. सेन्सॉरचे साहेब म्हणाले, पोट धरून हसलो.

लेखक : अगं, तो कापण्यासाठीच लिहिला होता! दर सिनेमात मी एक प्रसंग असा आचरट घालतो की कात्री आधी तिकडेच धावते. कापल्याचं समाधान त्यांना, आणि माझं खरं तेवढं सुटतं. एखाददुसरा अपवाद सोडला तर आजवर हेच चालत आलं.

संकलक : आजवर.

लेखक : मग कापलं काय?

संकलक : शिपाई. शेवटचा, घरातला प्रसंग.

लेखक : डोकं फिरलंय का त्यांचं? खोटं बोललं की माणूस हवेत तरंगतो, एवढ्यावर सिनेमा उभा आहे. कचेरीतले सगळे साहेब छताला डोकी आपटतायत, हा बिचारा खालून त्यांच्या दोऱ्या धरून बसलाय. त्याचेच तेवढे पाय जमिनीवर. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको विचारते, दिवस कसा गेला? तो म्हणतो, छान. आणि चपला खाली राहतात, तो वर. त्यासाठी तर सगळं लिहिलं मी!

संकलक : साहेब म्हणाले, मंत्र्यांची थट्टा चालेल, त्यांना सवय आहे. साध्या माणसाचा अपमान नको.

लेखक : अपमान! नाव काढून घेतो मी माझं.

संकलक : मागच्या वेळीही काढणार होतात.

लेखक : वैताग आलाय गं. केस पिकले हे करता करता. लोक भेटतात आणि म्हणतात, तुमची ती मागच्या सिनेमातली उडती म्हैस, काय धमाल! म्हैस कापायला दिली होती मी, तीही तशीच राहिली. निर्माता काय म्हणतो?

संकलक : खूश आहेत. पोस्टरवर पुतळाच घेतलाय. नाकाखाली थेंब.

लेखक : थेंब.

संकलक : मोठा आहे.

लेखक : तू तरी भांडायचंस!

संकलक : भांडले. त्यांचा चहासुद्धा नाही घेतला. तुकडा काढून ठेवलाय, टाकवत नाही. लावू?

लेखक : नको. तुला सांगू? आमची ही रोज दारातच विचारते, दिवस कसा गेला. शब्दन् शब्द तिचा आहे. एवढी वर्षं मी जे उत्तर देतो, तेही तसंच घातलं. वाटलं, अंधारात शेजारी बसून बघेल, तिचं तिला कळेल. तोंडाने सांगायला जमत नाही मला.

संकलक : मग आज सांगा.

लेखक : सांगतो. आज सांगतोच. हा बघ, तिचाच फोन. हॅलो... हो, झाला पास... छे, कापलं नाही फारसं... दिवस ना? छान गेला... हो, निघतोच.

संकलक : दादा.

लेखक : काय?

संकलक : काही नाही. खुर्ची घट्ट धरून बसा.