ओवीचा लाल डोळा

अगं, फोटोत लाल डोळे यावेत म्हणून दिराशी भांडणारी मी एकटीच असेन.

माझ्या ओवीच्या बारशाचे फोटो भावजींनी काढले. ते लग्नाच्या ऑर्डरी घेतात. घरात उजेड कमी, म्हणून त्यांनी फ्लॅश मारला. एका फोटोत ओवीचा एक डोळा लाल आला आणि दुसरा पांढरा. बाहुली अशी पांढरी दिसली तर नजरेला धोका असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं, हे मी कुठेतरी वाचलेलं. वाचायची सवय वाईटच.

"भावजी, परत काढा ना."

त्यांनी लाल डोळे टाळणारा मोड लावला. आधी बारीक चमक, मग मोठा फ्लॅश. "बघा वहिनी, लाल गेला! कसे काळेभोर आले."

"मला लालच हवाय! दोन्ही डोळ्यांत!"

सासूबाई म्हणाल्या, "पोर हाय का भूत गो?"

शहापूरला डॉक्टरांनी थेंब घालून डोळे तपासले. म्हणाले, "काही नाही. फोटोच्या वेळी बाजूला बघत असेल." तरी घरी येऊन मी साध्या फ्लॅशवर फोटो काढायला लावला. दोन्ही डोळे लाल आले. तेव्हा कुठे मी रडले. उजेड पार आत पोचला की फोटोत डोळ्यातली बाहुली लाल दिसते, हे सासूबाईंना तेव्हाच समजावलं.

तोच फोटो भिंतीवर लागला. शेजारीण म्हणाली, "लाल घालवा की, मोबाईलवर होतं."

सासूबाई फोटोसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "हात नको लावू. आमच्या पोरीला दिसतंय, त्याची खूण हाय ती."