योद्ध्याचा दहावा

देवळालीत आम्ही दर रविवारी फासे टाकून राक्षसांशी लढायचा खेळ खेळतो ना, त्यात परवा माझा योद्धा मेला. खेळ चालवणारा प्रशांत म्हणाला, "मंत्राने उठवता येईल."

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "आधी पिंडाला कावळा शिवतो का बघा. शिवला तर त्यो सुटला, मग कसला उठतोय!"

प्रशांतने मुकाट्याने कावळ्यासाठी फासा टाकला. नाही शिवला. मी खूश!

पण आईला राहवेना. "इच्छा राहिली असंल." तिने हात जोडले, "बाबा, तुझं लगीन लावून देते."

पुढच्याच फाशाला कावळा झडप घालून आला. योद्धा कायमचा गेला.

आता आई मुली बघतेय. म्हणते, "दहाव्याला शब्द दिलाय. त्यो न्हाई, तर बोहल्यावर तू उभा ऱ्हा."