साहेबांच्या डोक्यावरचे केस

...आणि वर म्हणतात, 'सगळं कॉम्प्युटरच करतो, तुम्ही नुसता माउस फिरवता.' फिरवून बघा की एकदा! तुम्हाला सांगतो, आमच्या मासिकाच्या मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर माझ्याकडून एका बाईच्या हाताला सहावं बोट राहून गेलं. राहिलं हो, होतं माणसाकडून. तेव्हापासून आमचे मालक, म्हणजे धाकटे साहेब, माझ्याशी बोलताना आधी माझ्या हाताकडे बघतात. 'पुन्हा घोळ झाला तर दुसरी नोकरी शोधा,' असं तोंडावर सांगितलेलं. आणि या खेपेला मुखपृष्ठावर कोण? मोठे साहेब, धाकट्यांचे वडील, ज्यांनी हे मासिक काढलं ते! संध्याकाळी फाइल प्रेसला जाणार, आणि त्याआधी ते स्वतः येऊन बघणार.

फोटो चांगला होता हो. म्हातारा माणूस म्हाताऱ्यासारखा दिसत होता, आणखी काय पाहिजे? पण धाकटे साहेब माझ्या मानेवर श्वास सोडत, 'बाबा फार थकलेले वाटतात, सुरकुत्या काढा.' मी म्हटलं, काढतो. नाही म्हणून जाणार कुठे? सुरकुत्या गेल्या तर गळ्याखालचं लोंबतं दिसायला लागलं. मग वहिनी, धाकट्यांच्या मिसेस, चहाचा कप नेमका माझ्या कीबोर्डवर धरून, 'ते गळ्याचं बघा ना, आणि टक्कल किती चमकतंय, चार केस द्या की.' आता केस काय मी खिशात घेऊन फिरतो? पण नाही म्हणून जाणार कुठे... जुन्या फोटोंचं फोल्डर उघडलं, एका ग्रुप फोटोत कोपऱ्यात एक गृहस्थ उभे, केस असे दाट. उचलले, साहेबांच्या डोक्यावर ठेवले. तुम्हाला सांगतो, माप घेऊन शिवल्यासारखे बसले.

तेवढ्यात प्रेसवाल्याचा फोन, 'मशीन थांबवलंय, देताय का दुसऱ्याचं चढवू?' आणि संपादक धावत, 'अहो, अंक आनंदाचा, साहेबांना जरा हसवा.' रडवेल्या माणसाने दुसऱ्याला हसवायचं कसं? पुन्हा त्याच गृहस्थांकडे गेलो, त्यांचं हसू उचललं, तेही बसलं! तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नोकरी जायची वेळ आली की शंका कुठून येतेय?

मोठे साहेब आले. माझ्या खुर्चीत बसले, मी उभा. बघताहेत... चष्मा पुसला, परत बघितलं. धाकटे साहेब माझ्या हाताकडे बघायला लागले, आणि मी पडद्यावरची बोटं मोजतोय, पाचच आहेत, मग झालं काय? मोठे साहेब हळूच म्हणाले, 'हा तर आमचा दादा. याला इथे कुणी आणलं?'

दादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. मासिक दोघांनी मिळून काढलेलं, मग बिनसलं, दादांनी वेगळं मासिक काढलं, बोलणं बंद. धाकटे साहेब तेव्हा कडेवर, ते काय ओळखणार काकांना! मी म्हटलं, 'साहेब, मूळ फोटो आहे, आत्ता लावतो.' बघतो तर म्हातारा रडतोय हो. मलाही भरून आलं. म्हणाले, 'राहू दे तसाच. त्याला फोन लावा.'

फोन लागला, थोरले आले, दोघं भाऊ गळ्यात पडले, वहिनींनी डोळे पुसले, अंक तसाच छापून गेला. धाकट्यांनी माझा हात हातात घेतला, 'तुमच्यामुळे घर जुळलं.' म्हटलं, सुटलो, नोकरी पक्की. कसली पक्की? भाऊ एक झाले तशी मासिकंही एक करायची ठरली. धाकट्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि 'बसा' म्हणाले. तुम्हाला सांगतो, मालक बसा म्हणाला की उठायची वेळ झाली समजायचं.

'एका मासिकाला दोन डिझायनर काय करायचेत? काकांकडचा जुना आहे, तोच राहील. चांगला आहे म्हणतात... कुणाच्या तोंडाला हात लावत नाही.'

मी म्हटलं, बरोबर आहे.